नव्या गाईडचा नारळ

मशीनवर लाकूड उभं चिरताना पात्याच्या शेजारी जी सरळ पट्टी असते, तिला आमच्याकडे गाईड म्हणतात. लाकूड तिला टेकवून पुढे ढकलत न्यायचं, म्हणजे ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या रुंदीचं निघतं. त्या पट्टीला एवढं एकच काम असतं. माझ्या घरच्या मशीनची पट्टी ते सोडून बाकी सगळं करायची.

मी अंबडच्या एका कारखान्यात तपासनीस होतो. दुसऱ्यांनी केलेले पार्ट मोजायचे आणि चुकलेले परत पाठवायचे, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. केसाएवढा फरक निघाला तरी मी लाल खूण करायचो. दर खंडेनवमीला लोक आपापल्या मशीनची पूजा करून मशीनवरच नारळ फोडायचे. शेवटी मी एक नोटीस लिहून लावली : ‘नारळ मशीनवर फोडू नये. त्यासाठी दाराजवळ दगड ठेवला आहे.’ खाली माझी सही. तो दगडही मीच माळावरून उचलून आणला होता. लोक त्याला ‘साहेबांचा देव’ म्हणायचे.

संध्याकाळी मात्र पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो-हाउसच्या बाजूच्या चार फुटी गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली माझं स्वतःचं उत्पादन सुरू व्हायचं. भंगारातून आणलेली एक हॉर्सपॉवरची मोटर, अँगलचं स्टँड, वर जाड लोखंडी प्लेट आणि तिच्या फटीतून डोकं काढणारं दहा इंची पातं. गाईड म्हणजे सागाची एक पट्टी, दोन टोकांना दोन क्लॅम्पनी आवळलेली. पुढचा क्लॅम्प आवळला की मागचं टोक सरकायचं, मागचा आवळला की पुढचं रुसायचं. आठ वर्षांत मी त्या पट्टीवर विसंबून चपलांचं स्टँड केलं, मसाल्याची मांडणी केली, टीव्हीचं टेबल केलं. मांडणीतल्या बरण्या आठवड्याभरात आपोआप उजवीकडे गोळा व्हायच्या. टीव्हीच्या टेबलाच्या एका पायाखाली जुन्या कॅलेंडरचा मार्च महिना घडी करून कायमचा ठेवलेला होता. आईला चार पाट करून दिले होते, त्यांना ती ‘उताराचे पाट’ म्हणायची. हळदीकुंकवाला त्यावर बसलेल्या एका बाईंनी विचारलं, ‘इथे जमीन उतरती आहे का हो?’ आई म्हणाली, ‘नाही, जमीन चांगली सरळ आहे.’ आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

शिवाय पट्टी मागून तिरकी झाली की लाकूड पातं आणि पट्टी यांच्यात अडकायचं आणि उलट फेकलं जायचं. कुंपणापलीकडे एक निवृत्त मास्तर राहायचे. ते दर महिन्या-दोन महिन्यांनी फळीचा तुकडा हातात घेऊन दारात यायचे आणि म्हणायचे, ‘तुमचं लाकूड आलंय.’ जसं काही चुकीच्या पत्त्यावर पडलेलं पत्रच. एकदा तो तुकडा त्यांच्या वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांवर पडला, तेव्हा मात्र ते तुकडा न आणता नुसतेच आले.

हे सगळं बायकोनं आठ वर्षं सोसलं. मग तिला दुसऱ्यांदा दिवस गेले. पाचव्या महिन्यात एक दिवस ती भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘थोरलीचं बारसं माहेरी झालं. पाळणा माझ्या वडिलांनी आणला होता. ह्या वेळचं बाळंतपण इथे आहे. पाळणा तुम्ही करा.’

मी हरखून गेलो. तिनं मान वर न करता पुढचं सांगितलं. ‘मी त्यात गोटी ठेवून बघणार. गोटी गडगडली तर ते मशीन भंगारात जाईल. माझं बाळ मी उतारावर झोपवणार नाही.’

मशीन जाईल याची भीती मला होतीच, पण खरी भीती वेगळी होती. लोकांचे हजारो पार्ट मी नापास केले होते आणि स्वतःच्या लेकराला निजवण्यापुरतंही सरळ काही माझ्या हातून होत नाही, हे एकदा घरात सिद्ध झालं असतं तर मी तोंड कुठं लपवणार होतो? त्या रविवारी मी सागाच्या फळ्या आणायला निघालो, तर आई दारात आडवी उभी राहिली. मूल जन्माला येईपर्यंत पाळणा घरात आणायचा नसतो, करायचा नसतो, त्याच्या नावानं लाकडाला करवतही लावायची नसते. ह्यात आईपुढे माझं काही चालणं शक्य नव्हतं. बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे माझ्या हातात जन्मापासून बारसं होईपर्यंतचे दिवस तेवढे उरले.

तेव्हा मी ठरवलं की पाळण्याला हात लावायचा नाही, गाईडला लावायचा. गाईडबद्दल शास्त्रात काही सांगितलेलं नाही.

देवळाली कॅम्पात एक रद्दीवाला होता. लष्करी अधिकाऱ्यांची बदली झाली की त्यांच्या घरची मासिकं त्याच्याकडे यायची. तिथं मला सुतारकामाचं एक परदेशी मासिक मिळालं. त्यात गाईडचा फोटो होता. प्लेटच्या पुढच्या कडेला एक जाड लोखंडी दांडी, तिच्यावर सरकणारी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची पट्टी, आणि पट्टी जागच्या जागी आवळणारा एक खटका. गोरा माणूस एका बोटानं तो खटका दाबत होता आणि हसत होता. आठ वर्षांत मशीनजवळ मी एकदाही हसलो नव्हतो. खटक्याची आतली रचना पुढच्या पानावर होती, आणि ते पान रद्दीवाल्यानं शेंगदाणे बांधून कुणालातरी दिलेलं होतं.

ते पान माझ्या कारखान्यातल्या एका फिटरनं डोक्यातून काढलं. हा माणूस नांदगाव तालुक्यातला, आता सातपूरच्या एका वसाहतीत राहणारा. मी त्याचे सर्वांत कमी पार्ट नापास केलेले होते, तेवढ्या ओळखीवर त्यानं माझं काम घेतलं. त्याच्या मेहुण्याची अंबडला छोटी शेड होती. तिथं त्यानं दांडी ग्राइंड केली, खटका बनवला आणि सहा आठवड्यांत एका रविवारी सगळं गोणपाटात गुंडाळून आणून दिलं.

मी ते तपासलं. माझा नाइलाज होता. कारखान्यात असतो तसा तक्ता मी घरी वहीच्या पानावर आखला, केसाएवढा फरकही काट्यावर दाखवणारा डायल लावून दांडी मोजली आणि दोन ठिकाणी लाल खूण केली. तपासनीस मीच, ग्राहकही मीच, आणि नापासच्या शेऱ्याखाली सहीसुद्धा माझीच. फिटरनं तो कागद वाचला.

‘भाऊ, ह्याच्यावर लाकूड चिरायचं ना?’

‘हो.’

‘लाकूड पावसाळ्यात सोताच फुगतं. त्याला हे कळायचं नाय.’

तरीही त्यानं दांडी नेली आणि पुन्हा ग्राइंड करून आणली. ती मी पुन्हा नापास केली. तिसऱ्या वेळी त्यानं दांडीबरोबर आपल्या घरचे शेंगदाण्याचे लाडू आणले. दांडी पास झाली. लाडवांचा त्याच्याशी संबंध नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे.

गाईड बसवून पूर्ण झालं त्या संध्याकाळी मी बायकोला ते दाखवायला बोलावलं. ती आली, तिनं एका बोटानं खटका दाबला आणि म्हणाली, ‘दवाखान्यात जावं लागेल.’ तारखेला अजून नऊ दिवस होते. पहाटे आम्हाला दुसरी मुलगी झाली.

इथून माझा पेच सुरू झाला. बाळ-बाळंतीण तिसऱ्या दिवशी घरी आली आणि मी करवतीचं बटण दाबायला गल्लीत गेलो, तर मागून आईचा आवाज आला. नव्या लोखंडाला हळदकुंकू लावल्याशिवाय, नारळ फोडल्याशिवाय त्यावर काम सुरू करायचं नाही. मी म्हटलं, ‘मग लाव हळदकुंकू.’ ती म्हणाली, ‘सोयर आहे. दहा दिवस घरात पूजा नाही.’

‘आई, मशीन जुनंच आहे. फक्त पट्टी नवी.’

‘मग जुन्या पट्टीवर काप.’

हा तोडगा मला सुचला नव्हता याची लाज वाटली. मी जुनी सागाची पट्टी शोधायला लागलो. कोपऱ्यात नव्हती, माळ्यावर नव्हती. आईनंच सांगितलं की बाळंतिणीच्या आंघोळीचं पाणी तापवायला तिनं ती सकाळी बंबात घातली. ‘चांगली जळली,’ ती म्हणाली. त्या पट्टीचं कौतुक होताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

म्हणजे जन्माआधी लाकूड कापायचं नाही, जन्मानंतर मशीन चालवायचं नाही, आणि बाराव्या दिवशी पाळणा तर हवा. हातकरवतीनं कापायचा विचार मनात आला, पण माझी हातकरवत त्या जुन्या पट्टीची सख्खी बहीण शोभेल अशी होती.

पाचव्या दिवशी फिटर बाळाला बघायला आला. त्याला बघून आईला एकदम मार्ग सापडला. त्याला काही आमचं सोयर नव्हतं.

‘अरे, तूच केलंयस ना ते? मग तूच नारळ फोड बाबा, म्हणजे ह्याचं घोडं पुढे जाईल.’

फिटर नम्रपणे म्हणाला, ‘मावशी, आम्ही बौद्ध. नारळ फोडत नाय.’

‘मग तुमचं मशीन सुरू कसं होतं?’

‘बटन दाबून.’

 आई रागावली नव्हती, ती खरोखर विचार करत होती. मग तिनं त्याला डिंकाचा लाडू दिला आणि आत गेली. त्या उत्तरात माझ्या सगळ्या अडचणींचा निकाल होता, पण आईच्या शब्दाबाहेर जायची हिंमत मला वयाच्या अडतिसाव्या वर्षीही नव्हती.

सागाच्या फळ्या तेवढ्या आणून ठेवल्या आणि पुढचे दिवस मी न चालणाऱ्या मशीनपाशी काढले. गाईड इकडून तिकडे सरकवायचं, खटका दाबायचा, पुढे-मागे मोजायचं. दोन्हीकडे सारखं. बाळाला बघायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी चहा झाल्यावर गल्लीत न्यायचो. लोक आधीच आत ‘वडिलांवर गेलीय’ वगैरे म्हणून आलेले असायचे, त्यामुळे लोखंडी दांडीबद्दल काय म्हणावं हे त्यांना पटकन सुचायचं नाही. मास्तरांनी मात्र खटका दोनदा दाबून बघितला आणि मनापासून विचारलं, ‘म्हणजे आता लाकूड येणार नाही?’ मी त्यांना शब्द दिला.

अकराव्या दिवशी सकाळी सोयर फिटलं. घर धुतलं, गोमूत्र शिंपडलं. दुपारी एक ते चार भारनियमन, म्हणजे त्याच्या आधी चिरकाम उरकायला हवं होतं. मदतीला फिटर रजा टाकून आला होता. आईनं मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, उदबत्ती ओवाळली. बायको अंगभर शाल घेऊन, बाळाला कुशीत धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. थोरली कानावर हात ठेवून तयार होती. आईनं नारळ माझ्या हातात दिला.

मला त्या क्षणी खूप भरून आलं होतं हे मान्य करतो. चार महिने, तीन तपासण्या, दहा दिवसांचा उपास, आणि समोर झेंडूच्या माळेत चकाकणारी माझी दांडी. मी डोळे मिटले, हात जोडले, कुलदैवताचं नाव घेतलं. आणि डोळे उघडून समोर जे सगळ्यात भक्कम, सगळ्यात सरळ लोखंड दिसलं, त्याच्यावर नारळ आपटला. नारळ फुटला नाही, म्हणून पुन्हा आपटला. तिसऱ्या वेळी, आता देवाचा कौल आहे म्हणून, दोन्ही हातांनी सगळा जोर लावून आपटला.

नारळ फुटला. पाणी खटक्यात गेलं. दांडीला धरणारा एक बोल्ट टिंग असा आवाज करून गल्लीत कुठेतरी गेला.

 आईनं खोबऱ्याचे तुकडे गोळा केले, साखर घातली आणि सगळ्यांच्या हातावर ठेवले. फिटरनं आपला तुकडा शांतपणे खाल्ला आणि मग म्हणाला, ‘भाऊ, तुमची ती नोटीस कुठाय?’

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हे. मी डायल लावला. दांडी एका टोकाला खाली दबली होती आणि गाईडचं मागचं टोक पात्याच्या बाजूला सव्वा मिलिमीटर कललं होतं. म्हणजे बरोबर तेच, जे जुनी पट्टी आठ वर्षं करत आली होती. असंच लाकूड घातलं असतं तर ते थेट मास्तरांकडे गेलं असतं. मी खाली बसलो. मला रडू येत होतं आणि तोंडात खोबरं होतं.

साडेअकरा झाले होते. दांडी पुन्हा ग्राइंड करायला दोन दिवस लागले असते. फिटरनं बोल्ट शोधून आणला, दांडी सैल केली, खालून बोटानं फट चाचपली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून म्हणाला, ‘वहिनी, एखादा जाड कागद द्या.’

बायकोनं मागे वळून फडताळावर हात घातला आणि बारशाची एक पत्रिका दिली. गुलाबी, वर सोनेरी पाळणा छापलेला. त्यानं ती चार पदरी दुमडली, फटीत सरकवली, बोल्ट आवळला. मी डायल लावला. काटा शून्यावर होता. मी पुन्हा लावला, पुन्हा शून्य. टीव्हीच्या टेबलाखाली मार्च महिना होता, आणि आता माझ्या ग्राइंड केलेल्या, तीनदा तपासलेल्या दांडीखाली माझ्या मुलीच्या बारशाचं आमंत्रण. मी तक्त्यात नोंद करायला पेन काढलं तेव्हा फिटरनं माझ्या हातातून वही काढून घेतली.

‘बटन दाबा,’ तो म्हणाला.

वीज जाईपर्यंत सगळं लाकूड चिरून झालं. एकही तुकडा कुंपणापलीकडे गेला नाही. मास्तर कुंपणाशी उभे राहून वाट बघत होते, ते शेवटी थोडे निराश होऊन आत गेले असं मला वाटलं. दुपारभर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी जोडणी केली. चार बाजू, तळ, कठडे आणि पाळणा टांगायचा घोडा. पॉलिशला वेळ नव्हता म्हणून नुसतं जवसाचं तेल चोळलं.

बारशाच्या दुपारी, बायका यायच्या आत, पाळणा हॉलमध्ये टांगला. आईनं आधी त्यात कपड्यात गुंडाळलेला वरवंटा ठेवून हलवून बघितला, कारण बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवायची रीत आहे. मी आयुष्यभर तपासण्याच केल्या, पण इतकी समंजस चाचणी दुसरी पाहिली नाही. पाळणा कुरकुरला नाही. मग बायको पुढे झाली. तिच्या मुठीत थोरलीची निळी गोटी होती.

मी मुद्दामच लांब, आईच्या मागे उभा राहिलो. मला तळ दिसत नव्हता, फक्त बायकोचा चेहरा दिसत होता. तिनं वाकून गोटी ठेवली. पाळण्याचे दोन्ही कठडे हातांनी धरले. घरात कुकरची शिट्टी झाली तेवढीच. मी कारखान्यात ज्यांचे पार्ट हातात धरून उगाच वेळ लावायचो, त्या सगळ्यांची मला त्या दहा सेकंदांत मनातून माफी मागावीशी वाटली.

‘हलली नाही,’ ती म्हणाली.

तिनं गोटी उचलून थोरलीला दिली, गादी अंथरली आणि बाळाला निजवायच्या तयारीला लागली. फिटर माझ्या पाठीवर थाप मारून बाहेर चहाला गेला. संध्याकाळी बायकांनी रीतीप्रमाणे सजवलेला नारळ पाळण्याच्या खालून-वरून फिरवला, तेव्हा मी दोन्ही हात पुढे धरून पाळण्याच्या कडेला उभा होतो. सगळ्यांना वाटलं, बापाला लेकीचं फार कौतुक. ते होतंच.

त्यानंतर मी बदललो असं कारखान्यात म्हणायचे. लाल खुणा थोड्या कमी झाल्या. दांडी पुन्हा ग्राइंड करायचं मी प्रत्येक सुट्टीला ठरवायचो आणि राहून जायचं. गुलाबी पत्रिका तिच्या फटीत तशीच राहिली, वरून भुसा बसत गेला.

धाकटी दीड वर्षाची झाली आणि पाळण्यातून उड्या मारायला लागली, तेव्हा पाळणा माळ्यावर ठेवायचं ठरलं. मी गादी उचलली. खाली डाव्या बाजूला, तळ आणि गादीच्या मध्ये, काहीतरी गुलाबी दिसलं. बारशाची पत्रिका. चार पदरी दुमडलेली, दीड वर्षाच्या वजनानं चपटी झालेली.

मी ती हातात घेतली. मग स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. बायको पोळ्या लाटत होती. तिनं माझ्या हातातला कागद पाहिला आणि पुन्हा पोळपाटाकडे बघायला लागली.

‘त्या दिवशी गोटी हलली होती,’ मी म्हटलं.

‘जरा.’

‘किती?’

तिनं पोळी तव्यावर टाकली. ‘एका पत्रिकेएवढी.’

मी घडी होती तशी जागेवर ठेवली, वर गादी घातली आणि पाळणा तसाच माळ्यावर चढवला.